काळी चारवरचं बोट

आमचे हे घाबरट. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा दारातच थांबून माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या जिन्याचा कठडा हलतोय." वडील म्हणाले, "दहा वर्षं हलतोय तो." तर हे म्हणाले, "मग आता पडायची वेळ जवळ आली असणार." आत आले ते भिंतीला चिकटूनच. आई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "माणूस चांगला दिसतोय, पण सशाचं काळीज आहे गं." मी म्हटलं, असू दे. दांडगाई करणाऱ्यापेक्षा बरं.

त्याला आता तीस वर्षं झाली. आजही घरातून निघताना हे गॅसचं बटण तीनदा बघतात, कुलूप दोनदा ओढतात आणि खाली उतरल्यावर मला वर पाठवतात, "एकदा बघून ये, माझं समाधान होईल."

हे कीबोर्ड वाजवतात आणि दुरुस्तही करतात. चष्म्याच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत खिडकीशी ह्यांचं टेबल. त्यावर कुणाकुणाची वाद्यं पोट उघडून पडलेली असतात. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत स्क्रू, चहाच्या कपात कापूस आणि सगळीकडे तारा डाखायच्या सोल्डरचा वास. पाहुणे आले की नाक मुरडतात, मला तो आता जाणवतही नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई गातात. नुसत्या गात नाहीत, मोठ्या गायिका आहेत. त्यांचं खिडकीचं गाणं बसच्या कंडक्टरपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. मी त्यांना ताई म्हणते. आमचे थोरले दीर, म्हणजे ताईंचे यजमान, त्यांना पेटीवर साथ करायचे, आणि हे दुसऱ्या बाजूला कीबोर्डवर. एका घरातली तीन माणसं एका रंगमंचावर. दीर गेले त्याला आठ वर्षं झाली. त्यांची पेटी ताईंनी आपल्या घरी हॉलच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवली आणि पुन्हा उघडली नाही. तेव्हापासून साथीला हेच.

बँडमधली बाकीची मंडळी थोडकीच. गिटारवाल्याला सगळे लंबू म्हणतात, कारण तो दारातून वाकून आत येतो. ड्रमवाला म्हणजे ठोक्या. त्याच्याजवळ बसलं की तो तुमच्या गुडघ्यावरसुद्धा ताल धरतो. एक बासरीवाला होता, पण तो लेकीकडे राहायला गेला आणि तिकडचाच झाला. तो असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पहिल्याच दिवशी बिंग फुटलं असतं.

ह्यांच्या भित्रेपणावर बँड चालतो, असं ठोक्या म्हणायचा. हे कार्यक्रमाला दोन तास आधी पोचणार. पिशवीत जादा वायर, जादा फ्यूज, टॉर्च, पोटदुखीची गोळी. "काका, तुमच्या पोटात गोळा आला की आमचा कार्यक्रम हमखास रंगतो," ठोक्या म्हणायचा. हे म्हणायचे, "गोळा रोजच येतो रे. कार्यक्रम रोज कुठे रंगतो?"

त्या बँडची एक रीत होती. सूर जुळवायला हल्ली यंत्रं मिळतात, खिशात मावतील एवढी. पण आमच्याकडे ती कुणी वापरली नाहीत. ह्यांनी कीबोर्डवर एक पट्टी दाबून धरायची आणि त्या आवाजावर लंबूने तारा लावायच्या. मग ताईंनी डोळे मिटून 'सा' लावायचा. ताईंची पट्टी काळी चार. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी दाबली की जो सूर निघतो, तो त्यांचा 'सा'. सगळ्यांचा सूर एकाच बोटातून निघायचा, आणि ते बोट ह्यांचं.

दीर गेल्यावर वर्षभरात ताईंचा गळा उतरला. खिडकीच्या गाण्यात शेवटी एक ओळ वर जाते. अगदी वर, जिथे पूर्वी लोक श्वास रोखून बसायचे. तिथे ताईंचा आवाज चिरायला लागला. दोन कार्यक्रमांत चिरला, तिसऱ्यात त्यांनी ती ओळ नुसती बोलून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण ताई आत येऊन खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पुढचा कार्यक्रम घेतलाय तेवढा करते. मग बस."

तो पुढचा कार्यक्रम एका मैदानात होता, दुपारी चार वाजता. उन्हं थेट रंगमंचावर. कीबोर्डवर जी छोटी काचेची खिडकी असते, आकडे दाखवणारी, ती उन्हात दिसेना. ह्यांनी नेहमीप्रमाणे फडक्याने वाद्य पुसलं. पुसताना कुठे बोट पडलं ते कळलं नाही. लंबूने तारा लावल्या, ताईंनी डोळे मिटले, कार्यक्रम झाला.

आणि ताई अशा गायल्या की मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून बसले होते. ती वरची ओळ त्यांनी घेतली. चिरली नाही. उतरून आल्यावर त्यांचे डोळे भरले होते. ह्यांना म्हणाल्या, "भावजी, आज गळा उघडला. गेलेल्या माणसाने ऐकलं असेल का हो?" ह्यांनी मान हलवली.

सामान आवरताना ह्यांनी त्या काचेच्या खिडकीवर हाताची सावली धरून पाहिलं. आत आकडा होता, वजा एक.

कीबोर्डला एक बटण असतं. ते एकदा दाबलं की सगळ्याच पट्ट्या अर्ध्या सुराने खाली बोलायला लागतात. बोट काळी चारवर ठेवा, आवाज तिच्या खालच्या पांढऱ्या पाचचा येतो. बघणाऱ्याला बोट दिसतं, आकडा दिसत नाही. लंबूच्या ताराही त्याच खालच्या आवाजावर लागल्या, म्हणजे कुणालाच काही वेगळं वाटलं नाही; बासरी असती तर ती खाली उतरली नसती. सगळा बँड अर्धा सूर खाली उतरला होता, आणि ताईही.

घरी येऊन ह्यांनी मला सांगितलं. "उद्या जाऊन सांगून टाकतो," म्हणाले. मी म्हटलं, "सांगा." दुसऱ्या दिवशी सकाळी हे रियाजाला गेले. ताई रोज आठ वाजता ह्यांच्या छोट्या कीबोर्डवर रियाज करत, घरी दुसरं वाद्य उघडंच नव्हतं. परत आले ते मान खाली घालून. ताईंनी पुढचे तीन कार्यक्रम घेतले होते. दारातच सांगितलं होतं त्यांनी, "भावजी, मी थांबत नाही आता."

"मग सांगितलं का?" मी विचारलं.

"तू असतीस तर सांगितलं असतंस?"

मी गप्प बसले. ते माझं पहिलं गप्प बसणं.

भीती कशाची, तर ताईंची. ताई तशा मायाळू, पण खोटं त्यांना खपत नाही. एकदा एका ध्वनिवाल्याने सुचवलं होतं की वरची ओळ आधी ध्वनिमुद्रित करून ठेवू, तुम्ही नुसते ओठ हलवा. बारा वर्षांचा त्याचा आमचा घरोबा. ताईंनी त्याला तिथेच नमस्कार केला आणि पुन्हा दारात उभं केलं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेल्या नाहीत. हे त्या वेळी तिथेच उभे होते. तो नमस्कार ह्यांच्या डोळ्यांपुढून कधी गेलाच नाही.

एकदा दडवलं की रोज दडवावं लागतं. रोज सकाळी छोट्या कीबोर्डवर आधी वजा एक करायचं, तेही ताई आतून येण्याच्या आत. तीन वर्षांनी ताईंना मोठा खोकला झाला, तेव्हा वजा दोन झालं. त्यानंतर दोन वर्षांनी वजा तीन. प्रत्येक वेळी आधी आठवडाभर ह्यांचं जेवण सुटायचं. बोट मात्र काळी चारवरच. ताई स्वतःच्या जुन्या रेकॉर्ड कधी ऐकत नाहीत, ऐकल्या की रडू येतं म्हणतात, म्हणून निभावलं.

लंबूला कळलं होतं. मला ते एकदा बोलता बोलता समजलं. तो म्हणाला, "काकू, तारा हल्ली ढिल्या लागतात. मी जाड घातल्यात." एवढंच म्हणाला आणि बिस्कीट चहात बुडवलं. मीही त्याला साखर हवी का विचारलं.

मी रोज देवापुढे हात जोडते. त्या सात वर्षांत मी देवाकडे जे मागितलं ते मागू नये असं होतं. ताईंचा गळा बरा कर, असं नाही मागितलं. कळू देऊ नकोस, असं मागत राहिले.

मागच्या वर्षी ताईंची रेडिओवर मुलाखत झाली. आम्ही दोघं जेवत ऐकत होतो. बाईने विचारलं, "इतकी वर्षं आवाज कसा टिकवलात?" ताई म्हणाल्या, "टिकवला कसला? पण एक सांगते. चाळीस वर्षं होत आली, पट्टी एका सुरानेही उतरवली नाही." ह्यांचा हात तोंडाशी थांबला. घास ताटात परत ठेवला. मी रेडिओ बंद केला, तर म्हणाले, "असू दे. ऐकू दे. मीच वाढून ठेवलंय ते."

मग ती बातमी आली. ताईंची मुलगी, आमची पुतणी, तीच त्यांचे कार्यक्रम ठरवते. ती धावत जिना चढून आली. "काका, शहरातल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात करतोय, आईच्या चाळिसाव्या वर्षाचा कार्यक्रम. साठ वादकांचा वाद्यवृंद. तुम्ही, लंबू, ठोक्या मधे, बाकी सगळे मागे अर्धवर्तुळात. शनिवारी दुपारी. आणि ऐका ना, सगळं कागदावर लिहून काढलंय, प्रत्येकाला वेगळा कागद. जुन्या रेकॉर्डवरून उतरवलंय, सूर न सूर तोच."

"तोच म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे आईची पट्टी, काळी चार. दुसरी कुठली असणार?"

तिने कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, एका उघड्या कीबोर्डच्या पोटावर. ती गेल्यावर ह्यांनी गठ्ठ्याला हातही लावला नाही. लांबूनच बघत होते, साप असावा तसे. व्हायोलिनं काही ह्यांच्या बटणाने उतरणार नव्हती. ताई उभ्या राहणार, साठ माणसं खऱ्या काळी चारवर वाजवणार, आणि ती वरची ओळ येणार. दीड हजार लोकांसमोर. आणि गळ्याच्या डॉक्टरांनी ताईंना दोनच महिन्यांपूर्वी बजावलं होतं की ओढून गायलात तर या वयात गेलेला आवाज परत येईलच असं नाही.

तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत माझा नवरा अर्धा झाला. एकच कीबोर्ड त्यांनी चारदा उघडला, चारदा बंद केला. गिऱ्हाईक म्हणालं, "काका, झालं ना?" तर म्हणाले, "बघतो अजून." जिन्यावर पाऊल वाजलं की दचकायचे. एकदा न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येईना म्हणून मी दार वाजवलं, तर हे कपड्यानिशी स्टुलावर बसलेले. "आजारी पडलो तर?" मला म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही आजारी पडाल. साठ माणसं नाही पडणार."

शेवटी हे गुपचूप त्या वाद्यवृंदाच्या संचालकांना भेटायला गेले. मला बरोबर नेलं. संचालक एका छोट्या खोलीत कागदांच्या ढिगामागे केळं खात बसले होते. हे अडखळत म्हणाले, "तीन सूर... म्हणजे तीन अर्धे सूर खाली लिहून मिळेल का?" त्यांनी केळं खाली ठेवलं. ह्यांच्याकडे नीट बघितलं, आणि माझी खात्री आहे, त्यांना सगळं कळलं. "यंत्रावर आहे सगळं," म्हणाले. "दोन दिवसांत होईल. सोमवारी सांगा, गुरुवारी तालमीला नवे कागद देतो. पण ज्यांचा गळा त्यांनी सांगायला हवं. तुमच्या सांगण्यावर मी नाही करणार. उद्या त्या मला विचारतील."

"त्यांना कळू न देता नाही का होणार?"

"तुम्ही काय, साठ जणांना गप्प बसवणार?"

 परतताना बसमधून उतरता उतरता हे म्हणाले, "सोमवारी तू येशील?"

"येईन. पण बोलणार तुम्ही."

सोमवारी सकाळी निघताना ह्यांनी गॅस बघितला नाही, कुलूप ओढलं नाही. मग कुलूप मीच ओढून बघितलं.  ताईंच्या इमारतीचा जिना चढताना मनात देवाचं नाव घेत होते, पण मागत काहीच नव्हते. काय मागावं तेच कळेना.

ताई हॉलमध्ये गरम पाण्याचा पेला घेऊन बसल्या होत्या. "अगं, तूपण? आज काय जोडीने?" हसून म्हणाल्या. ह्यांनी छोटा कीबोर्ड टेबलावर ठेवला. वायर लावली नाही.

"वायर विसरलात की काय भावजी? सूर्य कुठे उगवला आज?"

"वहिनी," हे म्हणाले, "आज पेटी काढू या."

ताईंचं हसू गेलं. "कशाला?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते.

"काढू या," हे पुन्हा म्हणाले. कोपऱ्यात जाऊन त्यांनीच कापड ओढलं. धूळ उडाली. पेटी आणून पुसली. भाता ओढला तर आधी नुसती हवा निघाली, मग एक पट्टी चिकटलेली, ती नखाने सोडवली. मग काळी चार दाबली.

पेटीला बटण नव्हतं. आठ वर्षांनी तो सूर त्या खोलीत वाजला. ताई खूप वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मला वाटलं, त्यांना दिरांची आठवण येतेय. आलीही असेल.

मग त्यांनी खिडकीचं गाणं धरलं. पहिली ओळ घेतली, भुवया वर गेल्या. दुसरी घेतली. गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या. ती वरची ओळ यायच्या आधीच त्या थांबल्या. पुन्हा सुरुवात केली. या वेळी वर गेल्या, आणि आवाज चिरला. कापड फाटल्यासारखा. तिसऱ्यांदा तर आवाजच आला नाही, नुसता वारा.

"पेटी बिघडलीय," ताई म्हणाल्या. "पडून पडून चढलीय."

ह्यांचं बोट अजून काळी चारवर होतं. मला वाटलं, आता हे 'हो' म्हणणार. सोपं होतं. 

"पेटी बरोबर आहे वहिनी," हे म्हणाले. "माझं चुकीचं होतं."

आणि सांगितलं. मैदान, ऊन, फडकं, वजा एक. मग दोन, मग तीन. काहीही सोडलं नाही. आवाज इतका बारीक होता की ताईंना पुढे वाकावं लागलं.

"किती वर्षं?"

"सात."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"लंबूला. मी नाही सांगितलं, त्याला तारांवरून कळलं."

ताई माझ्याकडे वळल्या. "आणि तुला?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं.

त्यांनी पेला उचलला, रिकामा होता, तो परत ठेवला. "मी रेडिओवर जगाला सांगून आले," म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघांनी ऐकलं असेल ते." मग उठल्या, आणि ह्यांना नमस्कार केला. तसाच, ध्वनिवाल्याला केला होता तसा. "या तुम्ही आता."

आम्ही जिना कसा उतरलो आठवत नाही. रस्त्यावर आल्यावर हे म्हणाले, "कीबोर्ड वरच राहिला." आणायला परत जायची आमची छाती झाली नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. ह्यांना स्वतःचं काही वाटत नव्हतं. भीती ताईंची होती, आणि आता ती वेगळीच. "हट्टी आहेत त्या," सारखं म्हणायचे. "रेडिओवर बोलल्यात ना, आता गळा फाटला तरी काळी चारवरच गातील. मी सांगायला नको होतं. सांगून मीच मारलं त्यांना." मी पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, झालंय काय? आई कुणाशी बोलत नाही. बाबांची पेटी घेऊन सकाळ-संध्याकाळ दार लावून बसते. मला आत येऊ देत नाही."

"गाते का?"

"गाते. थांबते. परत गाते."

हे ऐकून ह्यांनी डोकं धरलं. "गेला गळा," म्हणाले.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता लंबू दारातून वाकून आत आला, गिटार पाठीला. "चला काका."

"मला कुणी बोलावलं नाही रे."

"नसेल बोलावलं. माझ्या तारा कोण लावून देणार? ते साठ जण सूर जुळवायला यंत्र वापरतात. मला नाही जमत."

"लंबू, तुला ठाऊक आहे ना सगळं?"

"मला काही ठाऊक नाही," लंबू म्हणाला. "उठा."

सभागृह रिकामं होतं, नुसत्या लाल खुर्च्या. मी शेवटच्या रांगेत बसणार होते, पण ह्यांची चाल बघून तिसऱ्या रांगेत बसले, हे पडले तर धावता यावं म्हणून. रंगमंचावर साठ माणसं आपापली वाद्यं ठाकठीक करत होती. मधे ह्यांचा मोठा कीबोर्ड मांडलेला होता, आणि खुर्चीही. ठोक्याने हात हलवला. ह्यांनी चष्मा शोधला. तो नाकावरच होता. मग समोरच्या कागदाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कागद उचलून लंबूला दाखवला, आणि लंबूने खाली माझ्याकडे बघून खांदे उडवले. मला काही कळेना. 

ताई आल्या त्या बाजूच्या दाराने, कुणाशी न बोलता. थेट ह्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. सगळी वाद्यं हळूहळू गप्प झाली, त्यामुळे मला खाली शब्द न शब्द ऐकू आला.

"वहिनी, कागदावर पांढरी तीन लिहिलंय," हे म्हणाले. "चुकलंय. म्हणजे... चार सूर खाली आहे हे."

"चुकलेलं नाही. मीच संचालकांना सांगितलं, तसं लिहिलंय. तुम्ही तीन उतरवलेत. चौथा का नाही उतरवलात?"

"धाडस झालं नाही."

"चौथ्यावर माझा गळा मोकळा होतो. दोन दिवस पेटीवर बसले तेव्हा मला कळलं. तीन उतरवूनही मी ओढतच होते, भावजी. कार्यक्रम झाला की दोन दिवस गळा शेकत बसायची. वय झालं, एवढं सोसायलाच हवं, असं मनाला सांगायची. मला विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, अजून एक खाली घ्या."

हे हातातला कागद सरळ करत बसले.

"का नाही विचारलंत?"

"भीती वाटली."

"कशाची? मी खाईन याची?"

"तुम्ही गाणं सोडाल याची. आधी तीच होती. मग तुमची."

 ताई माइकपाशी गेल्या आणि डोळे न मिटता म्हणाल्या, "सूर सांगा."

ह्यांनी बोट पट्टीवर ठेवलं.

"वाजवू नका. तोंडाने सांगा. मला, आणि या सगळ्यांना."

साठ माणसं, संचालक, लंबू, ठोक्या, सगळे ह्यांच्याकडे बघत होते. सात वर्षं ह्यांनी खरी पट्टी चारचौघांत कधी उच्चारली नव्हती. "पांढरी तीन," हे म्हणाले.

"मागे ऐकू गेलं नाही."

"पांढरी तीन," हे मोठ्याने म्हणाले, आणि आवाज चिरला. ताईंचा नाही, ह्यांचा. ठोक्या हसला. मग एकदोन व्हायोलिनवालेही हसले. संचालकांनी काठी उचलली. ह्यांचं बोट काळी चारवर होतं, तिथून उचलून पांढरी तीनवर आणायला मिनिट लागलं असेल, असं मला वाटलं. एवढासाच रस्ता तो.

शनिवारचा कार्यक्रम झाला. गाण्याआधी ताईंनी लोकांना एकच वाक्य सांगितलं, की रेडिओवर मी म्हणाले ते खरं नव्हतं, पट्टी उतरली आहे, आणि ती मला आवडते. वरच्या ओळीला मी डोळे घट्ट मिटून घेतले होते, म्हणून कशी घेतली ते मला सांगता येणार नाही. टाळ्या वाजल्या, तेव्हा उघडले. हे वाजवत होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

आता रियाज पेटीवर होतो. हे वाजवतात. ताईंनी मोठ्या कीबोर्डवरच्या त्या बटणावर औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी लावली आहे, दोन थर. आणि दर कार्यक्रमाला सगळ्यांसमोर विचारतात, "भावजी, सूर?" हे सांगतात. दर वेळी तेवढेच घाबरतात. निघताना गॅसही पुन्हा तीनदा बघतात. त्याचं मला बरं वाटतं.

ह्यांना त्यांनी माफ केलं. मला अजून केलेलं नाही. मी एकदा विचारलंच, "ताई, माझ्यावर का रागावलात? केलं तर ह्यांनी." ताई पेटी पुसत होत्या. म्हणाल्या, "भावजी भितात. तू भित्री नाहीस, तरी गप्प बसलीस."  त्यांच्याकडे जाताना तो जिना चढते, तेव्हा आता माझा हात कठड्यावर असतो, घट्ट.